धावण्यात पहिला आलेला ससा

नदीच्या अलीकडे एक जंगल होतं, आणि त्या जंगलात एक तरणा ससा आपल्या आईबरोबर राहत असे. बाळांनो, तिथेही शाळा होती बरं का, आणि तिथेही परीक्षा कुणाला चुकत नसे. जंगलातलं गवत वर्षागणिक आटत चाललं होतं. म्हातारी जनावरं सालीपाल्यावर कसंबसं भागवत. पिल्लं मात्र शाळा संपली की नदी पोहून पलीकडच्या कुरणात जात. पुढचं शिक्षण तिथे आणि पोटपाणीही तिथेच. शेवटच्या वर्षी काय शिकायचं ते ज्याचं त्याने निवडावं, अशी त्या शाळेची रीत होती.

ससा धावण्यात कायम पहिला. पहिल्या येणाऱ्याच्या गळ्यात पळसफुलांची माळ पडे, आणि सशाच्या आईला त्या माळांचा भारी सोस. निवडीच्या दिवशी सशाने गवतावरचं धावणं घेतलं, खडकावरचं धावणं घेतलं आणि अजून एक विषय हवा म्हणून चढावरचं धावणंही घेतलं. घ्या! मुख्य बाई म्हणजे एक म्हातारी पाणकोंबडी. ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"अरे, धावता तर तुला येतंच. तुला जायचंय कुठे?" तिने विचारलं.

"पलीकडच्या कुरणात, बाई."

"मग मध्ये नदी आहे. पोहणं घे."

सशाने पोहण्याच्या वर्गात एकदा डोकावून पाहिलं होतं. तिथे एक खार नाकातोंडात पाणी जाऊन ठसकत होती आणि बाकीचे फिदीफिदी हसत होते. ते त्याला आठवलं. "तिथे माझा शेवटचा नंबर येईल," तो पुटपुटला.

"आमच्या घरात आजवर कुणी शेवटचं आलेलं नाही," शेजारी उभी असलेली आई मध्येच म्हणाली. "उगाच त्याचं मन मोडू नका, बाई." निवड ज्याची त्याची, तेव्हा पाणकोंबडीने त्याचे तिन्ही विषय लिहून घेतले. वर्षभर सशाचा नुसता उदोउदो झाला. खारीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

उन्हाळा सरता सरता उरलंसुरलं गवतही करपलं. ओढे आटले, तसे डोंगरातले लांडगे रोज संध्याकाळी पाणी प्यायला नदीवर उतरू लागले. एके दिवशी सकाळी सगळी पिल्लं निघाली आणि आया आणि मुख्य बाई त्यांना पोचवायला आल्या. काठावर ससाच सगळ्यांच्या आधी पोचला, हे सांगायला नकोच. मग बाकीचे आले आणि एकेक करून पाण्यात उतरले. खारसुद्धा ठसकत, धापा टाकत पलीकडे लागली. सशाने पुढचे पाय पाण्यात घातले. पाणी छातीला लागलं, पायाखालची वाळू सरकली आणि तो मागे फिरला.

"बाई, मला आत्ता शिकवा ना. मी पटकन शिकतो," तो रडवेल्या आवाजात म्हणाला.

पाणकोंबडीचा जीव तुटला. "वर्षभराचं काम आहे रे, बाळा," ती म्हणाली. "ते आज एका दिवसात नाही व्हायचं."

तरी ससा दिवसभर चालत ओलांडता येईल असा उतार शोधत काठाने वरखाली पळत राहिला. पोटात काही नाही, आणि दूर पलीकडे हिरवंगार कुरण दिसत होतं. "घरी चल रे," आई विनवत होती. पण घरी सालीपाल्यावर तिचं एकटीचंच जेमतेम भागत होतं. सांज झाली तसे लांडगे उतरले. आई करवंदीच्या जाळीत शिरली आणि ससा उधळला. तो गवतावरून धावला, खडकावरून धावला, चढही चढला, आणि खरंच सांगतो, इतका सुरेख तो कधीच धावला नव्हता. पण लांडगे आळीपाळीने धावत होते आणि तो एकटा होता. त्यांनी त्याला नदीकडेच वळवलं. पुढे पाणी आणि मागे लांडगे, अशा जागी येऊन तो थांबला, आणि तिथेच लांडग्यांनी त्याला गाठलं.

जाळीत दडलेल्या आईला सगळं ऐकू आलं. "पोहायला मीच नको म्हटलं," असं ती कितीतरी वेळ म्हणत राहिली. ऐकायला तिथे कुणी नव्हतं.

तात्पर्य : काय शिकायचं ते ठरवताना आधी जायचं कुठे ते पाहावं. शिकताना झालेलं हसू पुढे कुणाच्या लक्षातही राहत नाही. न शिकलेलं मात्र नेमकं गरजेच्या वेळी आडवं येतं.