क्रुसामागची प्रभावळ

एकदा एका खडकाळ बेटावर एक वृद्ध धर्मगुरू आणि त्यांचा तरुण शिष्य राहत होते. किनाऱ्यालगत त्यांचे चर्च होते आणि चर्चच्या शिखरावर पांढरा क्रूस. मागे टेकडीच्या माथ्यावर एका पिराचा दर्गा होता. त्याचा घुमटही पांढरा. बेटावरचे लोक कोणी रविवारी प्रार्थनेला जात, कोणी शुक्रवारी नमाजाला, तर कोणी वडाखालच्या देवीला नारळ ठेवत. मासे मात्र सगळे एकाच समुद्रात धरत.

शिष्य मूळचा बेटावरचा नव्हता. चर्चच्या वार्षिक सणाची तयारी यंदा प्रथमच त्याच्यावर सोपवली होती. सणाच्या दिवशी दुपारच्या भरतीला शेजारच्या बेटांवरून पाहुण्यांचे मचवे येत. त्यांतल्याच एका मचव्यातून त्याची आई येणार होती. मुलाचे काम ती पहिल्यांदाच पाहणार होती.

शिष्याला एक गोष्ट खुपत असे. समुद्रातून येणाऱ्याची नजर आधी टेकडीवरच्या घुमटावर जाई आणि मग खाली क्रुसावर. म्हणून त्याने क्रुसाच्या पाठीशी बांबूंची भली थोरली प्रभावळ उभारायला घेतली. तिच्यावर पांढरे कापड ताणले, कडेने सोनेरी कागद लावला. सणासाठी सगळ्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या. आठवडाभर कोणी समुद्रावर गेलेच नव्हते, त्यामुळे ही प्रभावळ तिकडून कशी दिसते हे कोणीच पाहिले नव्हते.

सणाच्या सकाळी वृद्ध धर्मगुरू, दरवर्षीप्रमाणे, दर्ग्याच्या मुजावरांना जेवणाचे आमंत्रण द्यायला टेकडीवर गेले. उतरले ते घाईघाईने. त्यांनी वाटेतच कोणाचा तरी कोयता मागून घेतला होता. चर्चजवळ येताच त्यांनी प्रभावळीला आधार देणारा पहिला दोर कापला.

"फादर, हे काय करताय?" शिष्य ओरडला.

"इनास, वर चढ," धर्मगुरूंनी मांडव घालणाऱ्याला हाक मारली. "कापड उतरव. भरती लागायच्या आत."

इनासने डोक्याला हात लावला. "आठवडाभर माकडासारखा वर लटकलो, फादर. आज कुठं माणूस झालो होतो!" पण तो चढला.

शिष्याचा चेहरा लाल झाला होता. "मुजावरांनी तक्रार केली ना?"

"नाही रे. त्यांनी चहा पाजला. म्हणाले, आमच्या बाबांना पडद्यात बसवलंत, कापड मात्र झकास आहे."

"म्हणजे त्यांना बरं वाटावं म्हणून आपण आपला सण झाकून ठेवायचा? माझ्या आईला मी काय दाखवू?"

"तिच्यासाठीच म्हणतोय. चल, होडीत बस."

शिष्य रागाने बसला. वृद्धाने स्वतः वल्ही घेतली. बेटाभोवती पाण्याखाली खडकांची रांग होती आणि तिच्यात मचवा जाईल एवढी एकच वाट होती. त्या वाटेने ते बाहेर पडले. थोडे अंतर गेल्यावर त्यांनी होडी आडवी नेली, वळवली आणि वल्ही शिष्याच्या हातात दिली. "आता आत ने."

शिष्याने मागे वळून पाहिले. क्रूस आणि त्याच्यामागे झळाळणारी प्रभावळ, दुसरे काही दिसतच नव्हते. याहून सोपे काय असणार? क्रुसावर नजर ठेवून तो वल्हवू लागला. थोड्याच वेळात होडीच्या तळाला काहीतरी करकरले. होडी कलली. वृद्धाने वल्हे खडकाला टेकवून ती मागे ढकलली.

"पण क्रूस तर अगदी समोर आहे, फादर!"

"आहेच. जरा डावीकडून ये, तरी समोरच असेल. उजवीकडून ये, तरी समोरच. ज्या खडकावर आता आपटलो असतो, त्याच्यावरूनही तो समोरच दिसतो."

शिष्याने वाकून पाण्यात पाहिले. ओबडधोबड काळे दगड हातभर खोलीवर होते. ओहोटीत ते उघडे पडत. भरतीच्या पाण्यात त्यांचा पत्ता लागत नसे. माणसांनी भरलेला मचवा त्याच्या डोळ्यांपुढे आला. त्याची वल्ही थांबली.

तेवढ्यात किनाऱ्यावर इनासने शेवटचा दोर सोडला. कापड फडफडत कौलांवर पडले आणि त्याच्यामागून घुमट दिसू लागला. तो क्रुसाच्या उजवीकडे दिसत होता.

"हळूहळू डावीकडे घे," वृद्ध म्हणाले.

होडी सरकली, तसा घुमट क्रुसाकडे सरकू लागला. सरकत सरकत तो बरोबर क्रुसाच्या माथ्यावर येऊन थांबला. शिष्याने खाली पाहिले. पाणी गडद हिरवे होते. तळ दिसत नव्हता.

"इथून आत," वृद्ध म्हणाले. "इथे येणारा प्रत्येक तांडेल क्रुसावर घुमट धरूनच मचवा आत आणतो. एक खूण कुठे जायचं ते सांगते. आपण वाटेवर आहोत की नाही, हे दुसरी सांगते."

शिष्याने होडी आत वळवली आणि म्हणाला, "मग दोन्ही शेजारी शेजारी बांधले असते, तर सगळ्यांना आणखी सोपं झालं असतं."

वृद्ध हसले. "शेजारी असते तर काहीच कळलं नसतं. होडी कितीही भरकटली तरी दोन्ही एकत्रच दिसले असते. अंतर आहे म्हणून चूक कळते. मी माझ्या क्रुसापासून कधी ढळलो नाही, बाळ. मुजावरही आपल्या घुमटाखालून हलले नाहीत. त्यांनी माझ्यासारखं व्हावं असं मला वाटत नाही, मी त्यांच्यासारखं व्हावं असं त्यांना वाटत नाही. आम्ही दोघांनी एवढंच पाळलं, की एकाने दुसऱ्याला झाकायचं नाही."

दुपारी भरतीबरोबर मचवे आले. धक्क्यावर उभा शिष्य खडकांमधल्या वाटेकडे पाहत होता. एकामागून एक, एका रेषेत, ते वाटेतून आत शिरले. आई उतरली, तिने वर पाहिले आणि कमरेवर हात ठेवले.

"काय रे, क्रुसामागे काहीतरी मोठं बांधतोय म्हणून कळवलं होतंस ना? मी सगळ्या मचव्याला सांगत आले!"

"बांधलं होतं, आई."

"मग?"

"तुला यायचं होतं, म्हणून काढलं," तो म्हणाला आणि तिच्या हातातली टोपली त्याने घेतली.

पुढे तो त्याच बेटावर धर्मगुरू झाला. त्याने बरेच काही बांधले. पण काहीही उभारायचे ठरले, की आधी तो होडी घेऊन खडकांपलीकडे जाई आणि बाहेरून येणाऱ्याला ते कसे दिसेल, हे पाहून येई.