विहिरीतला पाव

फार फार वर्षांमागे समुद्राकाठी एक गाव होतं आणि गावात गोड्या पाण्याची एकच विहीर होती. एकदा गलबतांतून परके शिपाई आले. त्यांच्या कप्तानाने गाव जिंकलं आणि हुकूम काढला, की आजपासून सगळ्यांनी आमचाच देव मानायचा. देवीचं देऊळ पाडलं, पुजाऱ्याला फटके मारले. तरी गाव बधलं नाही.

मग कुणा घरभेद्याने कप्तानाला गावाची खोड सांगितली. परक्यांचा पाव पडलेलं पाणी जो पिईल तो बाटला, असं गाव मानत असे. कप्तानाने लगेच विहिरीत पाव टाकवले. मानणं गावाचंच होतं, त्याने फक्त पाव खर्च केले.

त्याच सकाळी एका माळ्याची बायको बाळंत झाली होती. बाकीचं गाव घरात उरलेल्या पाण्यावर भागवत होतं, पण माळ्याकडे थेंबही नव्हता. तहानेने तिचा जीव कासावीस झाला, तेव्हा माळ्याने पाव बाजूला सारून घागर भरली. ती प्यायली, तोही प्यायला. झालं, पाटलाने दोघांना वाळीत टाकलं. शेजारीण चुलीला विस्तव देईना. ओली बाळंतीण घरात आणि चूल थंड! माणसं वाईट नव्हती, घाबरलेली होती; पण बाळंतिणीला थंडी वाजायची ती वाजलीच.

माळी मुकाट्याने कप्तानाच्या दारी गेला. कप्तान खूश झाला आणि त्याने पाद्रीबाबांना बोलावलं. हे म्हातारे पाद्रीबाबा नुकतेच आले होते. इथले लोक आपणहून येतात, असंच त्यांना सांगितलेलं. माळ्याच्या डोक्यावर पाणी घालण्याआधी त्यांनी प्रेमाने विचारलं, आमचा देव तुला का हवासा वाटला?

माळी म्हणाला, "खोटं कशाला सांगू? तुमचा देव मला ठाऊक नाही. तुमच्या शिपायांनी विहिरीत पाव टाकले, ते पाणी प्यायलो, तर आमच्या माणसांनी दार लावलं, बाळंतिणीच्या चुलीला विस्तव देईनात. तुमचं दार उघडं दिसलं, म्हणून आलो."

पाद्रीबाबांना फार वाईट वाटलं. त्यांनी उचललेला हात खाली घेतला. कप्तानाने तलवारीला हात घातला, तरी ते शांतपणे म्हणाले, "धाकानं वाकलेलं डोकं माझ्या देवाला नको." मग आपल्या चुलीतला विस्तव माळ्याला देऊन त्यांनी त्याला घरी पाठवलं.

परक्याने दिलेला तो विस्तव गावच्या सुइणीने पाहिला आणि तिला स्वतःची लाज वाटली. ती तडक विहिरीवर गेली आणि सगळ्यांदेखत ओंजळभर पाणी प्यायली. पाटलाच्या सुनेचे दिवस भरत आले होते. सुईण म्हणाली, "पाटील, आता मीही बाटले. सुनेच्या वेळेला दुसरी सुईण बघा."

पाटील विहिरीच्या काठाशी आला. मग त्याने ओंजळ पुढे केली. "घाल पाणी," तो म्हणाला. त्याच्यामागून सगळं गाव प्यायलं. आता कोण कुणाला वाळीत टाकणार? शेजारीण विस्तव घेऊन माळ्याकडे धावली, आणि विहिरीतले पाव कासवांनी खाल्ले.

चिडलेल्या कप्तानाने पाद्रीबाबांना परतीच्या गलबतात बसवलं. निरोपाला गाव किनाऱ्यावर आलं. माळ्याने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, "बाबा, याला तुमच्या देवाचा आशीर्वाद द्या. आता मनानं मागतोय."

तात्पर्य एवढंच: जुलमाने माणूस वाकवता येतो, पण त्याची श्रद्धा मिळवता येत नाही, आणि परक्याने ढकललं तरी माणूस पडतो तो आपल्यांनी हात सोडल्यावर.