तिळाच्या लाडवाची शपथ

फार फार मागे, राजांची नावंही कुणी लिहून ठेवत नसे तेव्हा, एका राज्यात एक पाठशाळा होती. तिथे एकच प्रश्न शिकवत: वस्तू फोडत फोडत गेलं, तर शेवटी काय उरतं?

पहिले गुरुजी म्हणाले, "शेवटचा कण. तो टणक गोटीसारखा असतो, फुटत नाही."

त्यांच्या एका शिष्याला मात्र त्या गोटीतून निघणारे आणखी बारीक कण सापडले. तो म्हणाला, "ती गोटी नाही, तिळाचा लाडू आहे. सगळीकडे गूळ आणि त्यात रुतलेले तीळ." गुरुजींनी त्याला भर पंगतीतून उठवलं. पोरगा उपाशी राहिला, पण हटला नाही. शेवटी लाडूच खरा ठरला आणि तोच पोरगा गुरुजी झाला.

मग त्यानं काय केलं? नवा विद्यार्थी आला की त्याच्या हातात तिळाचा लाडू ठेवायचा आणि शपथ वदवून घ्यायची, "कण असाच आहे." मोठ्यांना स्वतःची उपासमार फार लवकर विसरता येते.

पुढे एका शिष्येनं खिडक्या झाकून प्रयोग मांडला. तिच्याजवळच्या एका खड्यातून न दिसणारे कण सुटत. ते पडद्यावर आपटले की ठिणगी चमके. वाटेत तिनं सोन्याचा वर्ख धरला आणि वर्खाच्या अलीकडे, खड्याच्या बाजूलाही एक पडदा लावला. बहुतेक कण आरपार गेले. थोडे मात्र आल्या वाटेनं मागे फिरून अलीकडच्या पडद्यावर चमकले.

पंगतीत ती म्हणाली, "गुरुजी, गुळाला आपटून कुणी असं परत येतं का? तो शेवटचा कण आतून रिकामा आहे. मधोमध फक्त एक टणक बी आहे आणि तीळ लांबून तिच्याभोवती फिरतात."

"वर्ख चुरगळला असेल," गुरुजी म्हणाले.

"बदलून पाहिला."

"मग तुझे डोळे फुटले असतील."

सगळे खिदळले.

"तुम्ही एकदा बघा. मी चुकले असेन तर मीच जाते."

"ऊठ! शपथ मोडणाऱ्यांना इथे वाढत नाहीत."

"ताट उचलू, की तेही बाटलं?" असं म्हणून ती उठली.

दुपारी गुरुजी गुपचूप त्या खोलीत गेले. वर्खाच्या अलीकडच्या पडद्यावर ठिणगी चमकली. पुन्हा चमकली. त्यांचे कान तापले. बाहेर अंगणात ती गाठोडं बांधत होती. एक हाक पुरली असती. पण ओसरीवर म्हातारे पंडित पान चघळत बसले होते. त्यांच्यासमोर कसं सांगायचं? गुरुजींनी दार आतून लावून घेतलं.

ती शेजारच्या राज्यात गेली. तिथे तिचा रिकामा कण खरा ठरला, तिची पाठशाळा उभी राहिली. बऱ्याच वर्षांनी तिची एक विद्यार्थिनी म्हणाली, "ताई, तुमचंही अर्धवटच आहे. बीभोवतीचे तीळ वाटेल तिथे फिरत नाहीत, ठरलेल्या पायऱ्यांवरच राहतात."

"दाखव बरं," ती म्हणाली आणि त्या पोरीसमोर मांडी घालून बसली.

माफी मागायला आलेले म्हातारे गुरुजी हे दारातून पाहत होते. तिनं त्यांना ओळखलं. लगबगीनं येऊन ती पाया पडायला वाकली.

गुरुजींनी पाय मागे घेतले. "नको," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. माफीचा शब्द आलाच नाही. ते खाली मान घालून परतले. त्यांच्या पाठशाळेत आता शिकायला कुणी येत नव्हतं.

चुकण्यानं कुणी लहान होत नाही. चूक कळल्यावरही जो खरं सांगणाऱ्याला जाऊ देतो, त्याला नमस्कारसुद्धा सोसत नाही.