बुंदीची वाट

"जनावरं अठरा दिस चालत्यात म्हंतोस. मग वाटंत खात्यात काय?"

हौसाक्कांनी हे विचारलं तेव्हा श्रीरंग उपासनीला हसू आलं.

"ते दाखवत नाहीत, अक्का."

"का बरं?"

"लहान मुलांचा सिनेमा असतो. भूक दाखवली की मुलं घाबरतात. फार तर एखादा पाव पळवताना दाखवायचं. तेसुद्धा हसू येईल असं."

अक्का भाकरी कुस्करत राहिल्या.

भैरोबाच्या माळावर झाड असं एकच, बाकी सगळा कातळ. देवळाच्या ओट्यावर हौसाक्का गेली पन्नास वर्षं बसत आल्या होत्या. कुणाचं जनावर हरवलं की माणसं इथं यायची, भैरोबाच्या कानात त्याचं नाव सांगायची आणि परत जायची. जनावर घरी येतं, अशी पंचक्रोशीची श्रद्धा. आलेल्या जनावरांच्या गोष्टी अक्कांना तोंडपाठ होत्या. त्या तशा कुणाला सांगत नसत.

श्रीरंग त्या गोष्टींसाठीच आला होता. घर सोडून लांब गेलेली कुत्री-मांजरं डोंगर, नद्या पार करून परत येतात, असे दोन सिनेमे त्यानं लिहिले होते आणि दोन्ही गाजले होते. आयाबाया रुमाल घेऊन बघायला यायच्या. तिसरा मात्र शेवटाशी अडला होता. महिना झाला, शेवटचं पान होत नव्हतं.

"मला शिकवा," असं म्हणून तो आला होता. पण मनातून त्याला वाटत होतं, म्हातारीकडे कच्चा माल असेल, शिकण्यासारखं काय असणार?

तीन दिवस अक्कांनी त्याला ओट्यावरच्या आठ कुत्र्यांसाठी भाकऱ्या कुस्करायला लावल्या. तोंडातून शब्द काढला नाही. आज चौथ्या दिवशी त्या स्वतःहून बोलत होत्या.

"सांग की. कसं आसतंय तुज्या सिनेमात?"

तो सरसावून बसला. हे सांगायला त्याला आवडायचं.

"जनावरं तीन हवीत. एक शहाणं, एक वांड, एक म्हातारं. आधी नदी लागते. नदीत एक वाहून जातं, मेलं असं वाटतं, मग सापडतं. मग पकडायला येणारी गाडी. मग रानातला एकटा भला माणूस. तो पाय बांधतो, दूध देतो, इथंच राहा म्हणतो. जनावर रात्रभर राहतं आणि सकाळी निघतं."

"का निघतंय?"

"घर आठवतं म्हणून."

"हं... मग?"

"मग शेवट. अंगणात सगळे उभे. पहिली दोन धावत येतात. मिठ्या, रडारड. पण म्हातारं नाही. सगळे टेकडीकडे बघतात. संगीत बंद. कुणीच नाही. पोरगं म्हणतं, तो फार थकला होता... आणि वळतं. मग टेकडीवर कान दिसतात. लंगडत, लंगडत..."

त्याचा स्वतःचाच आवाज दाटला. दर वेळी दाटायचा.

अक्कांनी हात झटकले.

"आन् त्यास्नी सोडतंय कोण?"

"म्हणजे?"

"घरातनं येवढं लांब गेली कशी? कुणी तरी सोडल्याबिगर?"

"नाही, नाही. सोडत कुणी नाही. घर बदलताना चुकतात. ट्रकमधून पडतात. वादळ येतं. घरातलं माणूस दोषी ठेवायचं नसतं, अक्का. कुटुंबानं मिळून बघायचा सिनेमा असतो."

"सोडणारं कुणीच न्हाई."

"नाही."

"बरं हाय."

अक्का उठल्या. भर दुपार झाली होती. कातळावर ऊन नुसतं थरथरत होतं. पाखरूसुद्धा ओरडत नव्हतं. अशा वेळी माळावर कुणी फिरकत नाही. गावातले म्हणतात, रात्र परवडली, पण ही वेळ नको.

त्यांनी आठ ॲल्युमिनियमच्या थाळ्या ओळीनं मांडल्या. कुस्करा, वर दूध. कुत्री उठून आपापल्या थाळीशी गेली.

मग अक्कांनी नववी थाळी घेतली. तीत कुस्करा घातला, दूध ओतलं आणि ती श्रीरंगच्या उजव्या गुडघ्याशी आणून ठेवली.

तिथं कुणीच नव्हतं.

"ही कुणाची?"

"तुज्यासंगं आली, तिची."

श्रीरंगनं बाजूला बघितलं. मोकळा दगड. उन्हानं तापलेला.

"मी एकटाच आलोय, अक्का."

अक्का दुधाचं भांडं विसळायला लागल्या.

आठ कुत्र्यांच्या थाळ्या पुसून काढल्यासारख्या झाल्या. तरी पोटं भरली नव्हती. दोन तर एकमेकांची रिकामी थाळी चाटत होती. त्याच्या गुडघ्याजवळची थाळी भरलेली होती, दुधावर साय धरू लागली होती. पण एकही कुत्रं तिच्याजवळ आलं नाही. ती सगळी चार हात लांब बसली. त्यांची तोंडं त्याच्या उजव्या अंगाला वळलेली होती. शेपट्या जमिनीला चिकटलेल्या.

भुंकलं कुणीच नाही.

श्रीरंगनं पाय जवळ ओढून घेतला.

"नाव काय तिचं?" अक्का म्हणाल्या.

तिच्याविषयी त्यानं अवाक्षरही काढलं नव्हतं. चार दिवसांत एकदाही नाही.

"...बुंदी."



"आंधळी झाली होती," तो म्हणाला. "चौदा वर्षांची. मागचा पाय ओढायची. लिफ्टमध्ये घाण करायची. सोसायटीत रोज भांडणं. बायको आजारी... म्हणजे कारणं होती, अक्का."

"हं."

"गेल्या वैशाखात गाडीत घातली. घाटाखाली एक बंद पडलेली रसवंती आहे, तिथं उतरवली. जमिनीवर दोन बिस्किटं टाकली. तिला दिसत नव्हती. नाकानं शोधत होती. तेवढ्यात मी गाडी सुरू केली."

कुत्री तशीच बसून होती.

"मुलीला सांगितलं, खिडकीतून उडी मारली म्हणून. रेवा नऊ वर्षांची आहे. म्हणाली, बाबा, ती येईल ना? तुझ्या सिनेमात येतात तशी? मी म्हटलं, येईल. मग रोज सांगावं लागलं. आज नदीपाशी आली. आज एका म्हाताऱ्या बाबांनी पाय बांधला. शाळेतून आली की ती गॅलरीत जाऊन उभी राहते. अकरा महिने झाले. त्यातूनच हा तिसरा सिनेमा सुचला. मुलाखतीत सांगतो मी... मुलीच्या श्रद्धेतून सुचला म्हणून."

त्यानं तोंड पुसलं. मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्याचा हात पिशवीत गेला. वही निघाली, पेन निघालं. रिकाम्या जागेपुढे भरलेली थाळी, आणि कुत्री लांब बसलेली. असं चित्र त्याला आजवर सुचलं नव्हतं.

"अक्का... हे मी घेऊ का? सिनेमात?"

अक्का त्याच्याकडे बघत राहिल्या. रागावल्या नाहीत.

"घे की. पर आधी चालून ये."

"कुठून?"

"सोडलीस तितनं. तुज्या दारापतुर. गाडी न्हाई, सोबत न्हाई. आन् मागं बघू नगंस."

"नव्वद किलोमीटर आहे, अक्का."

"तिला किती हुतं?"

दुसऱ्या दिवशी श्रीरंग एसटीनं घाटाखाली उतरला. रसवंतीचा चरक गंजून लाल झाला होता. ज्या जागी बिस्किटं टाकली होती तिथं गवत होतं. तो थोडा वेळ उभा राहिला आणि चालायला लागला.

पहिल्या दिवशी त्याला वाटलं, हा एक खेळ आहे. मनात तो नोंदी घेत होता. नदी लागली, पण तिच्यावर पूल होता आणि पुलावर ट्रक अंगावर येत होते. कडेनं चालायला वीतभर जागा. आंधळं जनावर इथून कसं जाईल, हे त्याच्या दोन्ही सिनेमांत नव्हतं.

भला माणूस भेटला नाही. वाईटही भेटला नाही. कुणी त्याच्याकडे बघतच नव्हतं. एका हॉटेलापुढे तो सावलीला टेकला, तर पोऱ्यानं पाणी मारता मारता त्याच्या पायांवरही मारलं.

दुसऱ्या दिवशी टाचा फुटल्या. उजवा पाय उचलेना, तो ओढत चालू लागला.

गावं लागली तशी गावची कुत्री अंगावर आली. याची त्याला कल्पना होती, हातात काठी होती. पण कुत्री त्याच्यावर भुंकत नव्हती. त्याला ओलांडू देत होती. तो पुढे गेला की रस्त्यावर येत होती आणि त्याच्या मागं, दोनेक हात अंतरावर, जमिनीलगत बघून भुंकत होती.

पहिल्या गावात त्याला वाटलं, योगायोग. चौथ्या गावात तसं वाटेना.

तिसऱ्या दिवशी दुपारी डांबरी रस्ता अगदी सामसूम होता. मागं काहीतरी वाजत होतं. टक, टक, टक... आणि मग काहीतरी ओढल्यासारखं. तो थांबला की ते थांबायचं. तो निघाला की निघायचं.

मान वळवायची इच्छा एवढी झाली की मानेच्या शिरा दुखायला लागल्या. तो थांबायचा, घाम पुसायचा आणि पुढे निघायचा.

एका शेताच्या बांधावर बाई जेवत बसली होती. तिनं न मागता भाकरी दिली. त्यानं अर्धी खाल्ली. उरलेली अर्धी हातात घेऊन तो उभा राहिला. मग न वळता, हात मागं करून, ती रस्त्यावर ठेवली.

बाई त्याच्याकडे बघत होती. तिनं आपला डबा झाकला, पदर डोक्यावर ओढला आणि पुढचं काही न खाता उठून गेली.

पाचव्या दिवशी तिन्हीसांजेला तो आपल्या घराच्या दारात उभा होता.

पंधरवड्यानं श्रीरंग माळावर आला. लंगडत होता. ओट्यावर चढायला त्याला वेळ लागला. अक्कांनी परात त्याच्याकडे सरकवली. तो भाकरी कुस्करायला लागला.

"दार कुणी उघडलं?"

"रेवानं."

"काय म्हणाली?"

"काही नाही. बघितलंसुद्धा नाही माझ्याकडे. माझ्या मागं बघत होती... खाली बघत होती."

"सांगितलंस तिला?"

"सांगितलं. त्याच संध्याकाळी. बिस्किटांचंसुद्धा सांगितलं."

"रडली?"

"नाही. मीच रडलो. मोठ्यानं. तर म्हणाली, हळू बोल, बाबा."

अक्कांचा हात परातीत थांबला.

"आता गॅलरीत जाती का?"

"नाही. त्या दिवसापासून एकदाही नाही. शाळेतून येते ती थेट आपल्या खोलीत जाते. दुधाचा पेला आत नेते, आणि..." त्यानं दुसरी भाकरी उचलली. "सिनेमा सोडला मी, अक्का. शेवट लिहायला बसलो की हात थंड पडतो."

वारा पडला होता. ओट्यावरची कुत्री डोळे मिटून पडली होती. आज त्यांच्यातलं कुणीही त्याच्या उजव्या अंगाला बघत नव्हतं. ते त्याच्याही लक्षात आलं होतं.

"तू आत गेलास," अक्का म्हणाल्या. "मग तिनं दार कवा लावलं?"

श्रीरंग आठवू लागला.

"मी आत आलो. बूट काढले. बूट निघत नव्हते, रक्त चिकटलं होतं. बसून काढावे लागले. ती दार धरून उभीच होती. एका बाजूला सरकून... मी म्हटलं, लाव ना. तरी ती उभीच. मग... मग लावलं. अगदी हळू. खालच्या बाजूला बघत."

भाकरीचा तुकडा त्याच्या बोटांत तसाच राहिला.

"अक्का... माझ्या मागून कोण आत आलं?"

अक्कांनी परात आपल्याकडे ओढली.

"मला काय इचारतूस? दार तिनं धरलं हुतं."