भिवराईची शिळा

फार फार वर्षांमागं आंबेजळ गावात भिवराई नावाची सुईण होती. निम्मं गाव तिच्याच हातांवर जन्मलेलं. पोटात अडलेलं पोरसुद्धा तिचा आवाज ओळखून सरळ व्हायचं, असं म्हणतात.

एका साली लढाई पेटली आणि लष्कर दाणावैरण लुटत गावावर आलं. शत्रूचं नव्हे, आपल्याच राजाचं. कुंपणानंच शेत खाल्लं, मग दाद मागायची कुणाकडं? बाप्ये रानात पळाले. बायापोरांना भिवराईनं गावाबाहेरच्या रिकाम्या पेवात उतरवलं. जमिनीच्या पोटातलं ते धान्याचं कोठार. त्यात तिनं आपली लेक ठकी आणि ठकीचं तान्हं बाळही ठेवलं.

"जोंधळा वर्सभर ऱ्हातो, मान्सं एक दीस ऱ्हातील," ती म्हणाली, आणि झाकण लावून स्वतः तरवडाच्या झुडपात दडली.

शिपायांना पेव सापडलं. आत दाणा नाही, नुसती माणसं, म्हणून ते चिडले. त्यांनी भुसकट पेटवून आत लोटलं आणि तोंडावर धोंड ठेवली. भिवराईनं ते बघितलं. त्या दिवशी तरवडाची फुलं काळी पडली, असं म्हणतात.

मढ्यांवर एक जखम नव्हती. गावच्या देशमुखाला तर लष्कराच्या सरदाराची मर्जी राखायची होती. त्यानं दवंडी पिटवली, पटकीची साथ आली, मरीआई कोपली. साथ आली की मरीआईचा गाडा शिवेपार नेऊन सोडायचा, ही रीत. गाडा निघाला, आणि शिवेवर भिवराई त्याच्यापुढं आडवी पडली.

"ऊठ म्हातारे. मेलेल्यांचं उकरून काय मिळायचं?" देशमुख म्हणाला.

"देवीवर आळ घेऊ नका, सरकार. म्या न्हाऊ घातल्यात समदी. बाळाच्या जिभंवर काजळी हुती. पटकीनं काजळी धरत न्हाई."

चाबूक उडाले, पण बैल गुडघे टेकून बसले. मरीआईच्या डोळ्यांतून काळं पाणी ओघळलं, असं म्हणतात. मग माणसांनीच गाड्याला खांदा दिला. ज्यांची नाळ तिनं कापली होती, त्यांनी. भिवराई तिथंच शिळा झाली, असं म्हणतात. म्हणणारच! शिळेवरून गाडा गेला तर कुणाला पाप लागत नाही.

आजही आषाढात गाडा त्या शिळेपाशी थांबतो. गावातली सगळ्यांत थोरली म्हातारी गाड्यातल्या मरीआईला हात जोडून म्हणते, "आई, तुझा हात नव्हता." मग कुणाचा होता, ते तिनं मोठ्यानं सांगायचं असतं. नेमकं तेव्हाच देशमुखांच्या घरचं कुणीतरी हलगीवाल्याला खूण करतं आणि हलगी कडाडते. म्हातारी थांबत नाही. गाव तिचे हलणारे ओठ बघत उभं राहतं, नारळ फोडतं आणि जेवायला घरी जातं.