वेणूचे मनगट

एका राज्यात पाहुण्याने हात धरला, तर तो सोडेपर्यंत आपण काढून घ्यायचा नाही, अशी रीत होती. रीत मायेची होती. दमलेभागले पाहुणे कोणाचा तरी हात धरून बसत, आणि बरे वाटले की सोडत. तिथे नद्याही हळू वाहत, माणसेही हळू बोलत.

एकदा शरदाच्या जत्रेत एक मायावी जादूगार पाहुणा होऊन आला. बोलणे गोड, बोटे थंडगार. त्याने राजा चंद्रकेतूच्या थोरल्या लेकीचे, शशिकलेचे, मनगट धरले. "बाळ, तळ्यापर्यंत सोबत कर," म्हणाला. शशिकलेला भय वाटले, पण हात तिने काढला नाही. सारी जत्रा पाहत होती, पण कोणी शब्द बोलले नाही. तळ्याकाठी पोचताच ती पांढरा करकोचा झाली. तिथे असे पुष्कळ करकोचे होते.

राजाने सेनापतीला पाठवले. मायावीने त्याचाही हात हाती घेतला. "या, बसा, दमलात," म्हणाला. मग सेनापतीही पाण्यात एका पायावर उभा राहिला.

पुढच्या शरदात करकोच्यांना दूरदेशीची वाट आठवणार होती. एकदा उडाले, की ते परत येणार नव्हते.

शरद जवळ आला, तशी धाकटी राजकन्या वेणू एकटीच निघाली. रानाच्या तोंडाशी एक जुने झाड होते. त्याची ढोली चिखलाने लिंपलेली, आणि फटीतून एक पिवळी चोच बाहेर आलेली. आत म्हातारी धनेशीण राहत असे.

"कुठे निघालीस, मुली?"

"बहिणीला आणायला, आजी."

"तयारी काय?"

"आबांची तलवार आहे. पुरोहितांचा ताईत आहे."

"तलवार उपस बघू."

वेणूने दोन्ही हातांनी ओढली. अर्धी आली आणि अडकली.

"ही तुझ्या आबांची तयारी," धनेशीण म्हणाली. "तुझी कोणती?"

वेणूने तलवार झाडाच्या मुळाशी ठेवली. मग म्हणाली, "माझी काहीच नाही."

"खरं बोललीस. आता शिकता येईल. ओढ्यापर्यंत जा, ये, आणि काय पाहिलंस ते सांग."

वेणू जाऊन आली. "फुलं पाहिली, आजी."

"तुझ्यामागे कोल्हा चालत होता. जाताना आणि येतानाही."

ती पुन्हा गेली, पुन्हा आली. असे करता करता तिला कोल्हा दिसू लागला. वाऱ्याच्या उलट हलणारे गवत दिसू लागले. कुठून निसटता येईल, ती वाटही दिसू लागली.

"आता समोरच्या डोंगराला जागं कर," धनेशीण म्हणाली.

वेणूने हाक मारली. डोंगर घोरतच राहिला.

"हा जेवताना पाणी मागायचा आवाज झाला. पोटातून काढ."

वेणूला लाज वाटली. राजवाड्यात कोणी ओरडत नसे. तिने डोळे मिटले, शशिकलेला आठवले, आणि पोटातून हाक दिली. डोंगराने एक डोळा उघडला. "ऐकलं," म्हणाला, आणि कूस बदलली.

तिसऱ्या कामाला धनेशिणीने वेलीला बोलावले. वेल आली आणि वेणूच्या मनगटाला माणसाच्या मुठीसारखी बसली. वेणू ओढू लागली, तशी ती आवळू लागली.

"नुसती ओढू नकोस. प्रत्येक मुठीला एक दार असतं. अंगठा नि बोटं भेटतात तिथे. मनगट तिकडे वळव, कोपर अंगाशी घे, आणि नीघ."

मनगट लाल झाले. रानात ऊन आले, गेले, पुन्हा आले. शेवटी एका सकाळी वेलीच्या मुठीत नुसता वारा उरला.

"आता त्याला मारीन, आजी."

"मारायला कुठे चाललीस? तुला घरी यायचंय. सुटलीस की तिथे रेंगाळू नकोस."

तलवार झाडाशीच राहिली. ताईत तिने वेलीला बांधला.

तळ्यावर पहाटेचे धुके होते. वेणूने आधी वाट पाहून ठेवली आणि वाटेकडे पाठ करून उभी राहिली. धुक्यातून मायावी आला.

"ये बाळ, दमलीस ना?"

"तिथेच थांबा."

"पाहुण्याशी असं बोलतात? आईबापांनी हेच शिकवलं का?" आणि त्याने मनगट धरले.

वेणूचा चेहरा शरमेने तापला. हात रीतीप्रमाणे सैल पडू लागला. करंगळीवर एक पांढरे पीस उगवले.

"हात सोडा," ती म्हणाली. आवाज लहान निघाला. मायावी हसला.

"हात सोडा." या वेळी आवाज पोटातून आला. पलीकडे डोंगराने कूस बदलली आणि तेच म्हटले. करकोच्यांनी माना वर केल्या. वेणूने मनगट अंगठ्याकडे वळवले, कोपर अंगाशी घेतले, आणि सुटून ती मागे वाटेवर सरली.

मायावीची सारी जादू त्याच्या भरल्या मुठीत होती. मूठ रिकामी झाली, तसा तो धुक्यासारखा विरळ होत गेला आणि ऊन आल्यावर उरला नाही. करकोच्यांची माणसे झाली. सेनापती तेवढा सवयीने जरा वेळ एका पायावर उभा होता.

शशिकलेच्या मनगटावर मात्र एक पीस राहिले. वाटेत ती म्हणाली, "वेणू, मी का गं नाही काढला हात?"

"शिकवलं कोणी होतं, ताई? मलाही आता आता आलं."

वेशीवर राजा उभा होता. त्याने रडत रडत शशिकलेचा हात धरला, आणि धरूनच ठेवला. ती गोरीमोरी झाली. सगळे पाहत होते. मग ती अगदी हळू म्हणाली, "सोडा, आबा."

राजाने तत्क्षणी हात सोडला.

मनगटावरचे पीस गळून खाली पडले. शशिकलेने ते पाहिले, आणि मग आपणहून आबांचा हात धरला.

तेव्हापासून त्या राज्यात हात धरायची रीत आहेच. सोड म्हटले की सोडायचा, हीही आहे. आणि संध्याकाळी अंगणात मुले एकमेकांची मनगटे धरून मुठीचे दार शोधत असतात.