ओल्या पायाची खुर्ची

एका राज्यात एक राजा होता, आणि त्याला आपल्या सिंहासनावरून उठता येत नव्हतं. सात वर्षं झाली. तो तिथंच जेवे, तिथंच डोळे मिटे, आणि तळपायापासून हळूहळू त्याचं लाकूड होत चाललं होतं.

झालं होतं ते असं. राजा भद्रसेनाला राज्याभिषेकासाठी तीन दिवसांत शिसवीचं सिंहासन हवं होतं. लखू नावाचा तरणा सुतार हात जोडून म्हणाला, "महाराज, झाड कालपर्यंत उभं होतं. लाकूड ओलं आहे. दोन उन्हाळे तरी थांबा."

"राजा थांबत नसतो," भद्रसेन म्हणाला.

लखूनं ओलं लाकूड लोखंडी खिळ्यांनी ठोकून सिंहासन उभं केलं. अभिषेकाचा कलश उचलला, आणि भर दरबारात सिंहासनाला कडाडून तडा गेला. राजानं तो अपशकुन मानला आणि लखूचं डोकं तिथल्या तिथं उडवलं. रक्त लाकडावर पडलं. लाकडानं ते पिऊन घेतलं. मग लाकूड बोललं.

"मला सुकू दिलं नाहीस, राजा. आता तू सूक. बिनखिळ्याची, घाई न केलेली खुर्ची येईल. तिच्यावर आधी लखूचा बाप आपखुशीनं बसेल, मागून तू. तोवर तुझी सुटका नाही."

त्या दिवसापासून राज्यातलं सगळंच लाकूड तडकू लागलं. नांगर शेतातल्या तासात तडके, चाक वाटेत तडके, पाळणा तान्ह्या बाळासकट तडके. बाया आपली पोरं फडक्यात बांधून पाठीवर वागवू लागल्या. काही पोरं वाचली, काही नाही. आणि राजानं दवंडी पिटवली होती, की लखूचं नाव कोणी काढायचं नाही. मग त्याच्या बापाकडे जाणार कोण?

राजाला एकच लेक, वेणावती. सिंहासन बोललं तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि खांबाआडून सारं बघत होती. आता सतराची झाली. त्या साली उन्हाळा असा पेटला, की सात वर्षांत कमरेपर्यंत आलेलं लाकूड आता रोज वर सरकू लागलं. वेणावतीनं बापाच्या मांडीवर हात ठेवला. मांडी खडबडीत होती, सालीसारखी. ती उठली. पायात वहाणा घातल्या आणि निघाली.

नदीपलीकडे धावड्याचं रान होतं. रानात एक खोपट, खोपटापुढं मांडव, मांडवात तीन तिवया मांडलेल्या. तिथं लखूचा बाप सोनबा सुतार वाकसानं लाकूड तासत बसला होता.

"कोणाची गं तू?"

"भद्रसेन राजाची लेक, वेणावती."

वाकस चालतच राहिला. मग म्हातारा म्हणाला, "त्याच्यासाठी मी काटकीसुद्धा सोलणार नाही."

"तुम्ही करू नका, बाबा. मला शिकवा."

आता वाकस थांबला. "शिकायला आलेल्याला आमच्या दारातून परत धाडत नाहीत. माझ्या पणज्यानं घातलेली रीत आहे. तुला ठाऊक होती?"

"नाही."

"ठाऊक असून आली असतीस, तर मला बरं वाटलं नसतं. बस."

ती जवळच्या तिवईवर टेकणार, तोच तो म्हणाला, "ती नाही. ती लखूची."

दुसऱ्या दिवशी आणखी एक शिष्य आला. राजाचा धाकटा भाऊ उग्रसेन. राजाला जो सोडवील त्याला गादी मिळेल, असा त्याचा हिशेब. त्यालाही सोनबानं नाही म्हटलं नाही. उग्रसेन दुसऱ्या तिवईवर ऐसपैस बसला आणि पुतणीला म्हणाला, "पोरी, हे हात मेंदीचे. फोड आले की रडत घरी जाशील."

"येऊ देत फोड, काका."

सोनबा म्हणाला, "कामं तीन. झाड ओळखायचं. झाड फोडायचं. आणि तिसरं काम थांबायचं. तिसरं सगळ्यांत अवघड."

रानात एक सुतारपक्षी होता, लाल तुऱ्याचा, आणि त्याला बोलता येत होतं. वेणावती त्याच्यामागून हिंडली. खोडाला कान लावायचा, बोटाच्या पेरानं ठोकायचं.

"हे?" ती विचारी.

"पोकळ. तुझ्या काकासारखं," पक्षी म्हणे.

"आणि हे?"

"रेषा पिळवटलेल्या. ह्याची खुर्ची केलीस तर बसणाऱ्याला पाडील."

नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी एका धावड्यातून भरल्या घागरीसारखा आवाज आला. फांदीवर घरटं नव्हतं, खोडाची रेष सरळ होती. पक्षी काही बोलला नाही. तेव्हा तिनं झाडाला हात जोडले आणि कुऱ्हाड घातली.

तिनं करवत मागितली, तर सोनबानं पाचर दिली. "करवत आपल्याला हवं तसं कापते. पाचर जाते ती लाकडाच्या मर्जीनं. रेषेवर फुटलेलं लाकूड माणसाचा भार सोसतं." पहिला ओंडका तिनं वाकडा फोडला. दुसराही. तळहात सोलले, घणाचा दांडा रक्तानं बुळबुळीत झाला. सोनबा एकदाही रागावला नाही. तो दांडा राखेनं पुसून पुन्हा तिच्या हातात देई. तिसरा ओंडका सरळ उकलला, शेंग उकलावी तसा.

तिनं चार पाय घडवले, आडव्या दांड्या घडवल्या. मग सोनबानं पाय ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीला ठेवायला लावले, आणि दांड्या चुलीवरच्या ऊन वाळूत पुरायला लावल्या.

"पाय ओले आणि दांड्या सुक्या, असं का, बाबा?"

"पायाला भोक पाडून दांडी ठोकायची. पाय सुकताना आवळतो, आत सुकी दांडी असली की घट्ट धरतो. खिळा लागत नाही, चिकटवायला सरस लागत नाही. पण दांडी आत थोडीही ओली राहिली, की पुढं तीच आकसते आणि सुटते. आणि दोन्ही सुकी असली, तर कोणी कोणाला धरायचं?"

"दांडी सुकली हे कळायचं कसं?"

"गालाला लाव. गार लागली तर ओली."

उग्रसेनानं हे ऐकलं आणि हसला. त्यानं पाय आणि दांड्या सगळंच चुलीवर भाजून काढलं. आठ दिवसांत त्याची खुर्ची उभी राहिली, तेल लावून चकचकीत. सोनबा म्हणाला, "नेऊ नकोस. हा सांधा धरलेला नाही."

"म्हाताऱ्या, तुझी मिजास पुरे. उद्या शिपाई पाठवून तुला उचलून नेतो. मग बसशील," असं म्हणून उग्रसेन खुर्ची घेऊन गेला. ते शिपाई काही आले नाहीत.

वेणावतीच्या दांड्या वाळूत होत्या. सुतारपक्षी रोज सकाळी राजवाड्याच्या खिडकीवर जाऊन येई.

"लाकूड पोटाला आलं," तो एके दिवशी म्हणाला.

तिनं दांडी काढून गालाला लावली. गार. परत पुरली.

"छातीला आलं, राजकन्ये."

गार होती. थोडीशीच, पण गार. इतकंसं ओलं कोणाला कळणार? चार पाय, चार ठोके, की झालं. तिनं सोनबाकडे पाहिलं. तो आपल्या कामात होता. त्यानं मान वर केली नाही, कारण हे काम दुसऱ्यानं सांगायचं नव्हतं. दाताखाली पदर धरून तिनं दांडी पुन्हा वाळूत पुरली, आणि तिथंच बसून राहिली.

"गळ्याला आलं," पक्षी म्हणाला, आणि त्या दिवशी दांडी गालाला ऊबदार लागली.

तिनं सामत्यानं पायांना भोकं पाडली, मोगरीनं दांड्या ठोकल्या, अंबाडीच्या दोरीनं बैठक विणली. मग पुन्हा थांबली, पाय आवळून घेईपर्यंत. चाळिसाव्या दिवशी सोनबानं दांडी मुठीत धरून पिळून पाहिली. दांडी हलली नाही.

"आता तुमच्याकडे मागणं आहे, बाबा."

"ठाऊक आहे. येतो. बसेन असं म्हणत नाही."

खुर्ची डोक्यावर घेऊन ती पुढं, तो मागं. वाटेत एक वाळका बुंधा उभा होता आणि त्याच्यावर उग्रसेनाचं मुंडासं होतं. भोवती खुर्चीचे सुटे पाय पडले होते. दमून तो आपल्याच खुर्चीवर टेकला होता. सांधे सुटले, आणि तो पडला तिथंच घाईचा तो शाप त्यालाही चिकटला. सोनबानं मुंडासं उचललं, धूळ झटकली आणि परत ठेवलं.

दरबारात राजा हनुवटीपर्यंत लाकूड झाला होता. वेणावतीनं खुर्ची समोर मांडली. सोनबा सिंहासनाच्या पायाशी गेला. तिथं अजून काळा डाग होता. तो डागाकडे बघत उभा राहिला.

लाकूड खालच्या ओठाला लागलं.

"बाबा, बसा ना," वेणावती कुजबुजली.

"सात वर्षं इथं एक नाव कोणी घेतलं नाही," सोनबा हळूच म्हणाला. "मी मागत काही नाही, पोरी. नुसता उभा आहे."

राजाचे डोळे म्हाताऱ्यावर खिळले होते. त्याच्या तोंडातून करकर असा आवाज निघाला.

"लखू," राजा म्हणाला. "लखू खरं बोलला. मी थांबायला हवं होतं."

एवढं बोलेतो दोन्ही ओठ लाकूड झाले.

सोनबानं डोळे पुसले आणि तो खुर्चीवर बसला. जड बसला, मागं रेलला, दोन पायांवर झुलला, जसा तो प्रत्येक शिष्याच्या पहिल्या खुर्चीवर झुले. खुर्ची करकरली नाही.

"धरलं आहे," तो म्हणाला आणि उठला.

दोघांनी मिळून राजाला ओढलं. झाडाची साल सोलावी तसा आवाज झाला आणि सिंहासनावर राजाची कातडी राहिली. खुर्चीवर टेकताच लाकूड चेहऱ्यावरून उतरलं, छातीवरून उतरलं, तळपायातून फरशीवर पाणी होऊन वाहिलं. सिंहासनाचा भुसा झाला आणि त्यातून लोखंडी खिळे खळखळ गळाले.

राजानं पाणी मागितलं. पिऊन झाल्यावर विचारलं, "कोणी केली ही?"

"मी, तात."

"किती दिवस लागले?"

"चाळीस."

"थांबलीस," राजा म्हणाला. त्यानं तिची सोललेली बोटं हातात घेतली. पण सात वर्षांत लाकडानं त्याच्यातलं सगळं पिऊन टाकलं होतं. दिवस कलता कलता तो त्याच खुर्चीत गेला. माणूस होऊन गेला, म्हणून त्याला खांदा देता आला.

त्या दिवसापासून राज्यात लाकूड तडकायचं थांबलं. नांगर तासाला लागले, आढ्याला पाळणे टांगले गेले, त्यांत पोरं निजली. प्रधान म्हणाले, "राजकन्ये, तीन दिवसांनी मुहूर्त चांगला आहे."

"अभिषेक दोन उन्हाळ्यांनी," वेणावती म्हणाली. तोवरचा कारभार तिनं प्रधानांवर सोपवला.

बापाची राख नदीला देऊन ती तशीच पलीकडे गेली. सोनबा मांडवात तासत बसला होता. ती शिष्यासारखी उभी राहिली, सांगेपर्यंत. त्यानं वाकस बाजूला ठेवला आणि पायानं लखूची तिवई तिच्याकडे सरकवली.

"बस," तो म्हणाला. "सावकाश बस."